बेताची

माझे बाबा कचेरीच्या फाटकाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. एक घडीचं मेज, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा, वर काचेचा पेपरवेट, दोन शाईची पेनं आणि अंगठ्यासाठी जांभळ्या शाईचं पॅड. लोक त्यांना अर्जवाले काका म्हणायचे. घरात आई त्यांना 'लेखनिक महाराज' म्हणायची, आणि ते हमखास पाणी भरायच्या वेळेला. ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, त्यामुळे घरी आल्यावर कुणाला अहो-जाहो करण्याइतकी ताकद तिच्यात उरत नसे.

बाबांचं अक्षर बघून माणसं थांबायची. छापील म्हणावं तर छापील नव्हतं. प्रत्येक अक्षर नीट आंघोळ करून बसल्यासारखं दिसायचं. मी लिहायला शिकले ती त्याच अक्षरांवर गिरवून. त्यांचे वाया गेलेले कागद घरी यायचे आणि मी त्यावर पेन्सिल फिरवायची. शाळेत बाकीची मुलं 'कमळ' लिहीत होती तेव्हा मला 'कृपाभिलाषी' येत होतं.

समोर माणूस बसला की बाबा लगेच पेन उघडत नसत. आधी सगळं ऐकून घ्यायचे, मग दोन-चार प्रश्न विचारायचे आणि मगच ठरवायचे की घरच्या परिस्थितीला कोणता शब्द लावायचा. त्यांच्याकडे शब्द तीनच होते. महिनाअखेरीला ज्याची ओढाताण होते त्याची परिस्थिती 'साधारण'. आजारपण आलं तर ज्याला हात पसरावा लागेल त्याची 'बेताची'. आणि हात पसरून झालाय, तो रिकामाच परत आलाय, त्याची 'हलाखीची'. कुणी म्हणालं, "काका, जरा जास्त लिहा की," तर ते टोपण लावून पेन खिशात ठेवायचे.

"हा शब्द येईल त्याला वाटला," ते मला सांगायचे, "तर ज्याला खरंच लागतो त्याच्या वेळी त्यात काही उरणार नाही."

लहानपणी मला हे फार थोर वाटायचं. मोठी झाल्यावर अंगाशी आलं.

पदवीला मी कॉलेजात दुसरी आले आणि रसायनशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात मला प्रवेश मिळाला. फी, वसतिगृह, प्रयोगशाळेचा खर्च, यातलं काहीच आमच्या आवाक्यातलं नव्हतं. एक विश्वस्त संस्था होती, 'गरजू व होतकरू' विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारी. गरजू असल्याचा दाखला मिळतो, होतकरू असल्याचा कुणी देत नाही, तरी मी दोन्ही सिद्ध करायला बसले. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, घरभाड्याची पावती, आईच्या कामाचं पत्र. प्रत्येक खिडकीवर नवा माणूस आणि प्रत्येक माणसाला आधीच्या खिडकीवरचा एक कागद कमी. तोंडाला फेस आला. शेवटच्या पानावर एक चौकट होती: पालकाने घरच्या परिस्थितीबद्दल स्वहस्ते निवेदन लिहावे.

मला वाटलं, हे तर घरचंच काम. बाबांनी रविवारी सकाळी हात धुऊन, मेज खिडकीशी ओढून ते निवेदन लिहिलं. काय अक्षर होतं! मी वाचत गेले आणि तिसऱ्या ओळीवर अडखळले. 'घरची परिस्थिती बेताची असून.'

"बाबा, हलाखीची लिहा ना."

"आपली बेताची आहे," बाबा म्हणाले. "रोज दोन वेळा जेवतो आपण. माझ्यासमोर येऊन बसतात ना माणसं, त्यांची बघितलीस तर हे म्हणणार नाहीस."

शिष्यवृत्ती मिळाली नाही. कारण विचारायला संस्थेच्या कार्यालयात गेले. ते कचेरीच्या अगदी समोर होतं, रस्ता ओलांडला की झालं. तिथल्या कारकुनाने फाईल उघडली, निवेदनावर बोट ठेवलं आणि हसला. "बेताची? अहो ताई, बेताची तर माझीसुद्धा आहे."

माझं एक वर्ष गेलं. विद्यापीठाने मेहेरबानी करून जागा पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवली. मी शेजारपाजारच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या आणि घरात तोंड फुगवून वावरले. एकदा जेवताना माझा तोल गेला. "अख्ख्या गावाला हलाखी वाटलीत," मी म्हणाले, "आणि माझ्या वेळी तुमच्या पेनातली शाई संपली. तुमचा तोरा सांभाळायला माझं वर्ष गेलं." आई म्हणाली, "गप गं." बाबांनी पानातला भात संपवला, ताट उचललं आणि स्वतः घासून ठेवलं. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, झोंबलं. आज मात्र तो घास त्यांच्या घशाखाली कसा उतरला असेल असं मनात येतं.

पुढच्या वर्षी मी त्यांना विचारलंच नाही. अर्ज मीच भरला आणि निवेदनही मीच लिहिलं, त्यांच्या अक्षरात. ते मला माझ्या स्वतःच्या अक्षराहून चांगलं यायचं. नुसतं 'हलाखीची' लिहून माझं समाधान होईना. मागच्या वर्षाचा राग होता ना हातात. बाबांच्या उजव्या डोळ्यात नुकताच मोतीबिंदू धरला होता, डाव्यातही सुरुवात होती. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांनी बघू, पिकला की काढून टाकू, पण फार दिवस ठेवला तर नजर कायमची जाते. तेवढा धागा मला पुरला. मी लिहिलं: 'माझी दृष्टी गेल्यामुळे लिखाणाचे काम कायमचे बंद झाले असून, घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे.' खाली त्यांची सही केली, त्या शेवटच्या लपेटीसकट.

किती हुशार मी! रसायनशास्त्रात दुसरी आलेली! दृष्टी गेलेला माणूस स्वहस्ते, आणि तेही असल्या अक्षरात, निवेदन लिहील कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. तो आला तपासनीस बाईंच्या.

संस्थेचं पत्र आलं की घरची पाहणी सोमवारी होईल. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. सोमवारी बाबा टेबलावर असतील, मी सांगेन की दवाखान्यात नेलंय. पण बाई शनिवारी दुपारीच आल्या, आमच्या बाजूला दुसरं एक घर बघायचं होतं म्हणून. आई कामावर होती. बाबा अर्ध्या दिवसाचं काम आटपून खाटेवर बसले होते आणि वाटीत पाणी घेऊन पेनाच्या निबा धूत होते.

बाई वयस्क होत्या, साध्या सुती साडीतल्या, संस्थेच्या इथल्या कार्यालयात नुकत्याच बदलून आलेल्या. चपला दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवल्या, पाणी मागून प्यायल्या आणि फाईल उघडली. "काका, तुम्हाला वाचता यायचं नाही, तर मीच वाचून दाखवते हं," त्या मोठ्याने म्हणाल्या. दिसत नाही म्हटल्यावर लोक आवाज का चढवतात कोण जाणे. "हे निवेदन तुमचंच ना, तेवढं सांगा."

आणि त्यांनी ते सबंध वाचलं.

मी दारात उभी होते. फाईलच्या आतल्या बाजूला लाल अक्षरात छापलेलं होतं की खोटी माहिती आढळल्यास अर्जदाराला संस्थेची दारं कायमची बंद होतील आणि विद्यापीठाला तसं कळवलं जाईल. बाबांनी एक शब्द उच्चारायचा अवकाश, की माझं शिक्षण तिथेच संपणार होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच, आणि मग नजर माझ्यावरून काढून समोरच्या भिंतीवर कुठेतरी ठेवली. ती पुन्हा हलली नाही.

"माझंच आहे," ते म्हणाले.

"पण काका, दिसत नाही म्हणता आणि अक्षर तर मोत्यासारखं आहे."

"अक्षर पोरीचं. माझ्यावरूनच शिकली. मी सांगितलं, तिने लिहिलं."

"आणि ही सही?"

"तीही तिनेच केली. तिला वाटलं असेल, बापाने सही केलेली बरी दिसते."

बाईंनी वाटीकडे बघितलं. "मग हे काय चाललंय?"

"हाताची सवय आहे हो. निब साफ झाली की बोटाला कळतं." बाबांनी निब ठेवायला वाटी शोधली. वाटी समोरच होती. ते तिच्या शेजारी चाचपडले, पाणी थोडं सांडलं, मग कड हाताला लागली. आयुष्यात ज्यांनी कुणाच्या अर्जात एक शब्द वाढवून लिहिला नाही, ते माझे बाबा माझ्यासमोर सोंग करत होते आणि ते इतकं चांगलं करत होते की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाई विरघळल्या. "दुसऱ्याने केलेली सही नाही चालायची काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेवढा अंगठा द्या. पॅड आहे माझ्याकडे."

बाबांनी हात पुढे केला. शेकडो माणसांचे अंगठे त्यांनी आपल्या हातात धरून पॅडवर टेकवले होते, 'घाबरू नका, हलकेच दाबा' म्हणत. आता बाईंनी त्यांचा धरला आणि त्याच सुरात म्हणाल्या, "घाबरू नका हं काका." मी केलेल्या सहीच्या शेजारी तो अंगठा उमटला.

त्या गेल्यावर बाबा उठले, मोरीत गेले आणि साबणाने अंगठा घासत राहिले. ती शाई चटकन निघत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! मी मागे जाऊन उभी राहिले. ओरडतील, थोबाडीत मारतील, काहीतरी करतील असं वाटत होतं. ते पाठमोरेच म्हणाले, "वाक्य बरं होतं. 'असून'च्या पुढे स्वल्पविराम नको होता."

"बाबा..."

"हलाखीची लिहिलं असतं गं मी. वर्षभर तोच विचार करत होतो. यंदा विचारशील म्हणून वाट बघत होतो. विचारायचं होतंस."

आई आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिने डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या त्या अर्जात मी तरी जिवंत आहे ना?"

सोमवारी बाबा कामावर गेले नाहीत. मंगळवारीही नाही. तपासनीस बाई आता रोज त्याच रस्त्याने कार्यालयात येणार होत्या, मेज त्यांच्या वाटेवरच होतं. "आंधळा माणूस अर्ज लिहितो का?" बाबा म्हणाले. "दोन वर्षांची आहे ना शिष्यवृत्ती? मग दोन वर्षं मी आंधळा. त्यात काय मोठंसं." जणू दोन दिवस गावाला जाऊन येतो असं म्हणत होते. घडीचं मेज त्यांनी शेजारच्या स्टॅम्पवाल्याला वापरायला दिलं. स्वतः घरात बसून एका दुकानासाठी कागदी पाकिटं चिकटवायला लागले. पेनं धुऊन, पुसून डब्यात ठेवली. घरातली सामानाची यादीसुद्धा लिहीनात. कुणी बघेल म्हणून नव्हे, घरात कोण बघणार? पण ते म्हणायचे, तत्त्व मोडायचं तर अर्धवट मोडू नये.

शिष्यवृत्ती मिळाली. यादीत माझं नाव पहिलं होतं.

मी विद्यापीठात गेले. सहा महिन्यांनी सुट्टीत आले तेव्हा विचारलं, "डॉक्टरांकडे जायचं होतं ना?" तर बाबा म्हणाले, "ऑपरेशन केलं तर दिसायला लागेल. मग नूतनीकरणाच्या फॉर्मात काय लिहिशील? होऊ दे तुझं, मग बघू. पळून चाललाय का मोतीबिंदू?"

मी गप्प बसले. निवेदन लिहिलं ते रागाच्या भरात, त्याला निदान रागाचं निमित्त तरी होतं. हे गप्प बसणं मात्र थंड डोक्याने होतं. मला माहीत होतं की ते थांबतायत कशासाठी. मला दुसरं वर्ष हवं होतं. मी म्हणाले, "बरं," आणि परीक्षेच्या अभ्यासाची सबब सांगून दोन दिवस आधीच परत गेले. त्यानंतर आले ती थोडा-थोडा वेळच. फोनवर मी विचारायची, "डोळे कसे आहेत?" "आहेत जागेवर," असं उत्तर यायचं आणि आम्ही दोघंही हसायचो. आई मागून एकदा म्हणाली, "अगं, परवा ह्यांनी..." आणि बाबांनी तिच्या हातून फोन काढून घेतला. मी पुढे विचारलं नाही.

दोन वर्षांनी मी पास होऊन घरी आले. नोकरीचं पत्रही बॅगेत होतं. दुपारची वेळ, खिडकीतून भरपूर उजेड आणि बाबा खाटेवर पाकिटांच्या ढिगात बसलेले. बोटं सराईतपणे चालली होती: घडी, खळ, दाब, बाजूला. मला ते बघून बरं वाटलं. म्हटलं, काही बिघडलेलं नाही. "बाबा, संपलं एकदाचं," मी म्हणाले. "आता पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, आणि महिन्याभरात टेबल परत."

"लावू की," ते म्हणाले.

एकच कागद राहिला होता. शेवटचा हप्ता सुटण्यासाठी संस्थेला पालकाचं आभाराचं पत्र हवं होतं. बाबा खूश झाले. "घे लिहून," म्हणाले आणि सांगायला लागले, तेच जुने वळणदार शब्द, 'सेवेशी'पासून. दोन वर्षं तोंडात धरून ठेवल्यासारखे ते एकामागून एक आले. "'आमच्या घरची परिस्थिती बेताची असताना आपण माझ्या कन्येस दिलेला आधार...' लिहिलंस?"

"लिहिलं."

मी 'हलाखीची' लिहिलं होतं. फाईलमध्ये तेच होतं, मग इथे वेगळं कशाला, असा साधा कारकुनी विचार. त्यांना दिसेल, ते टोकतील, मी समजावेन, असंही मनात होतं. किंबहुना ते टोकतील याची मी थोडी वाटच बघत होते. इतक्या दिवसांनी आमचा शब्दावरून वाद झाला असता.

"दे बघू," ते म्हणाले.

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मान जरा मागे नेली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट सावकाश सरकत गेलं, पूर्वी तपासताना सरकायचं तसंच. तिसऱ्या ओळीच्या आसपास ते थांबलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"हं. बेताची," बाबा म्हणाले. "हाच शब्द बरोबर. बघ, किती शोभून दिसतो. आणि अक्षर तुझं हुबेहूब माझं झालंय गं."

बोटाखाली 'हलाखीची' होतं. अक्षरही माझं स्वतःचंच होतं, घाईघाईत खरडलेलं, तिरकं, बॉलपेनचं.

एकदा माझ्यासाठी त्यांनी न दिसण्याचं सोंग केलं होतं. आता दिसण्याचं करत होते, तेही माझ्यासाठीच. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आई तिथे उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली.

"थांबा बाबा," मी म्हणाले. "एका ठिकाणी शाई फुटलीय. नवीन कागदावर लिहिते."

डब्यातून त्यांचं पेन काढलं, शाई भरली आणि मेज नसल्यामुळे मांडीवर पाट घेऊन पहिल्यापासून लिहिलं, खरोखर त्यांच्या अक्षरात, अगदी सावकाश. तिसऱ्या ओळीत 'बेताची' लिहिलं. वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली.

"बाबा, आता सही करा ना," मी म्हणाले. "आता सगळं संपलंय. तुमची सही करा."

त्यांनी हात पुढे केला, पेन घ्यायला नव्हे. अंगठा वर करून धरला आणि हसले. "अंगठाच बरा. फाईलमध्ये तोच आहे."

मी पॅड उघडलं. त्यांचा अंगठा पॅडच्या कडेवर, मग माझ्या मनगटावर टेकला. तेव्हा मी तो माझ्या हातात धरला, शाईवर हलकेच दाबला आणि कागदावर जिथे हवा तिथे नेऊन ठेवला.